जीपला दम लागतो तेव्हा

मित्रांनो, वर्सोव्याहून एका दोस्ताचं पत्र आलंय. ‘सुट्टीत बाबा आणि काका मला जीपने लडाखला नेणार आहेत. आमची फोर-व्हील ड्राइव्ह जीप खारदुंग ला चढेल ना? वर्गातला मित्र म्हणतो, डोकं दुखलं तरी गप्प बस, नाहीतर परत आणतील!’

दोस्ता, जीप चढेल, पण दमेल! ‘ला’ म्हणजे खिंड. खारदुंग लाची उंची ५,३५९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक तीन कळसूबाई रचल्या तरी तिथवर पोचत नाहीत! आणि तू तर समुद्राकाठचा गडी.

तिथे हवा इतकी विरळ की प्रत्येक श्वासात वर्सोव्याच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. इंधन जळायलाही प्राणवायूच लागतो. त्यामुळे इंजिनाची ताकद घटते. चारही चाकांना जोर पोचला, तरी मुळात जोरच कमी! म्हणून खालच्या गिअरमध्ये सावकाश चढायचं. उतरतानाही तोच गिअर ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं. नुसता ब्रेक दाबत राहिलं, तर तो तापून निकामी होऊ शकतो. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, बरं का!

आता तुझ्या मित्राचा सल्ला. तो मात्र साफ चुकीचा! आपलं शरीर हेही एक इंजिनच. त्याला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे निदान दोन दिवस आराम करा, मगच वर जा. डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर लगेच बाबांना सांग. बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला, धाप थांबेना किंवा तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. दुखणं लपवलं, तर फुप्फुसात पाणी साठून किंवा मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं.

गाडी मागे वळवायला लागली, तर हिरमुसू नकोस. खिंड कुठे पळून जात नाही! आईबाबांनो, मुलांनाही हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, म्हणजे ती बोलायला कचरणार नाहीत.

परत आलास की पत्र धाड. आम्ही वाट पाहतोय!