टिकमार्क काढला, प्रश्न सुटला?

मंडळी, महापे असो की ऐरोली, आमच्या नवी मुंबईतल्या ऑफिसांत एक रामबाण उपाय तोंडी फिरत असतो. अ‍ॅप्लिकेशन उघडायला वेळ लागतोय? इंटरनेट ऑप्शन्समध्ये जा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सर्टिफिकेट रिव्होकेशनसमोरचा टिकमार्क काढा. पान झटकन उघडतं, सगळे खूश!

माझा या उपायाला सक्त विरोध आहे.

तो टिकमार्क करतो काय? साइटने दाखवलेलं सर्टिफिकेट मधल्या काळात रद्द तर झालं नाही ना, हे विंडोज ते देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर जाऊन तपासतं. आता गंमत बघा. ऑफिसचा फायरवॉल नेमका तोच पत्ता अडवून बसलेला असतो. धड नकारही देत नाही, नुसता गप्प! मग विंडोज वाट बघत बसतं, एकेका पत्त्यासाठी १५ सेकंदांपर्यंत. वॉचमनने कुरियरवाल्याला गेटवरच थोपवायचं आणि आपण घराचं कुलूप काढून ठेवायचं, यातला प्रकार.

"आपल्याला कोण फसवणार?" म्हणणाऱ्यांनी जुलै २०१४ आठवावा. आपल्या सरकारच्याच एनआयसीच्या नावाने गूगलच्या पत्त्यांची बोगस सर्टिफिकेटं निघाली होती. विंडोज त्यांच्यावर विश्वास ठेवत होतं. ३ जुलैला सीसीएने एनआयसीची ती मधली सर्टिफिकेटं रद्द केली. पण तपासणीच बंद असेल तर रद्द झाल्याचं कळणार कसं?

कोणी म्हणेल, क्रोमनेही २०१२ मध्ये ही ऑनलाइन तपासणी सोडलीच की. सोडली, पण बदल्यात रद्द सर्टिफिकेटांची स्वतःची यादी ब्राउझरकडे पाठवायला लागले. २०१४ मध्ये तीच कामी आली. आपण नुसता टिकमार्क काढतो, बदल्यात काय देतो?

आणि हे जुनंपुराणं झालं असंही नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार जून २०२२ मध्ये संपला, पण एजमधला आयई मोड निदान २०२९ पर्यंत राहणार आहे. जुनी अ‍ॅप्लिकेशन्स त्यातच चालतात आणि सेटिंग्ज तीच जुनी.

खरा उपाय तर अगदी साधा आहे. तपासणीचा पत्ता सर्टिफिकेटमध्येच लिहिलेला असतो. तो बघा, फायरवॉलच्या लॉगमध्ये अडलाय का शोधा, आणि तेवढाच उघडून द्या म्हणून आयटीवाल्यांना चार ओळींचा मेल टाका.

पण मेल टाकायचा कंटाळा! टिकमार्क काढायला कोणाची परवानगी लागत नाही ना...