शेड आमचं, कर्ज आमचं, पक्षी मात्र कंपनीचे!

मंडळी, चिकन महागलं की लोक म्हणतात, पोल्ट्रीवाल्याची चांदी झाली. अहो, कसली चांदी? करारावर पक्षी सांभाळणाऱ्याला किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो, बाजारभाव नाही. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, लाईटबिल, मजुरी अन् बँकेचा हप्ता आपला. ४०-४२ दिवस रात्रीचा दिवस करायचा, आणि एफसीआर बिघडला की कपात! खाद्यच हलकं आलं असेल तर? ते कोण तपासणार?

२०२० च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेनं भाव कोसळले, आठवतंय ना? भाव पडले की नवी बॅच लांबते. शेड रिकामं, हप्ता चालूच.

आमदारसाहेब, करारनामा मराठीत अन् त्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात, खाद्यतपासणी जिल्ह्यातच. एवढं तरी अधिवेशनात मांडा.