पावले मोजायची कोठे?

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्कामास येते. त्या वाटेवरच्या तिघा वारकऱ्यांच्या मनगटाला पावले मोजणारे घड्याळ बांधले आहे असे समजा. एकजण हात मोकळे सोडून चालला आहे. एका मावशींनी डोक्यावरचे तुळशीवृंदावन दोन्ही हातांनी धरले आहे. तिसरा पालखी विसाव्याला थांबली तरी जागच्या जागी टाळ वाजवतोच आहे. वाट एकच, आकडे मात्र तीन निराळे येण्याचा संभव फार. आणि यांतले एकही घड्याळ बिघडलेले नसेल!

घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत असतो त्वरणमापक. जेथे बांधाल तेथल्या हालचालीचे त्वरण तो मोजतो. त्यात चालण्यासारखा ठेका सापडला की घड्याळ त्याला पाऊल मानते. हा तर्क आहे, मोजणी नव्हे. चालताना कंबर दर पावलाला एकदा वरखाली होते, म्हणून तेथला हिशेब सरळ. हात पडला लंबकासारखा: त्याचे एक दोलन पुरे होईतो दोन पावले पडतात, शिवाय हाताला इतर उद्योग पुष्कळ. घोट्यावर एकाच पायाची पावले कळतात, ती दुप्पट करावी लागतात. पण फार सावकाश चालणाऱ्याच्या कमरेचा हेलकावा इतका क्षीण असतो की तेथे घोटाच अधिक विश्वासाचा. (जपानमध्ये १९६५ साली निघालेले 'मान्पो-केई', म्हणजे '१०,००० पावलांचे मापक', कमरेलाच लावत. रोजच्या १०,००० पावलांचे खूळ त्या नावातूनच पसरले.)

आता शाळांतून, कारखान्यांतून पावलांच्या स्पर्धा होतात. चाकणच्या एखाद्या कारखान्यात दिवसभर दोन्ही हातांनी ट्रॉली ढकलणारा कामगार त्यात मागे पडायचा, आणि एका जागी उभा राहून हात चालवणारा पुढे जायचा. वॉकर धरून घरभर फिरलेल्या आजीला नातू सांगणार, "आजी, तू आज हललीसच नाहीस!" सर्वांनी मनगटालाच बांधले म्हणजे न्याय झाला, हे म्हणणे मला मान्य नाही; सर्वांचे हात सारखे मोकळे नसतात. अशा आकड्यांवर बक्षिसे देऊ नयेत. द्यायचीच तर मापक सर्वांच्या कमरेला लावावे.

शाळेच्या व्हरांड्यात २०० पावले मोजून चाला. मित्रालाही मोजू द्या. एकदा हात मोकळे, एकदा वह्या छातीशी धरून, एकदा मापक खिशात ठेवून. प्रत्येक वेळची चूक शेकड्यात काढा. शिक्षकांनी तक्त्यात 'मापक कोठे होते' हा रकाना पहिला आखावा.