कार्बनचा बाजार येतोय, पण कोळशाच्या वीजकेंद्रांचं काय?

कमी कार्बन सोडणाऱ्या कारखान्याला कमाई आणि जास्त सोडणाऱ्याला भुर्दंड, असा बाजार भारतात उभा राहतोय. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना पहिली उद्दिष्टं मिळाली.

बाजार चालतो कसा?

एक टन मालामागे किती हरितगृह वायू सोडायचा, याची मर्यादा प्रत्येक कारखान्याला ठरवून दिली जाते. समजा, एका सिमेंट कारखान्याची मर्यादा ०.६६ टन आहे. त्याने ०.६५ मध्ये भागवलं आणि वर्षाला १२ लाख टन सिमेंट बनवलं, तर १२ हजार टन वायू वाचला. त्याची १२ हजार प्रमाणपत्रं त्याला विकता येतात. मर्यादा ओलांडणाऱ्याने ती विकत घ्यायची, नाहीतर बाजारातल्या सरासरी दराच्या दुप्पट भरपाई द्यायची.

मेख कुठे आहे?

मर्यादा टनामागे आहे, एकूण उत्सर्जनावर नाही. याच कारखान्याने आधी ०.७० दराने १० लाख टन सिमेंट बनवलं असेल, तर तेव्हा ७ लाख टन वायू हवेत गेला. आता जातोय ७.८ लाख टन. उत्सर्जन वाढलं, तरी प्रमाणपत्रं मिळाली! युरोपीय संघात २००५ पासून असा बाजार आहे, पण तिथे एकूण उत्सर्जनावरच मर्यादा आहे आणि त्यात वीजकेंद्रंही येतात. उद्योग अजून वाढायचे आहेत, म्हणून भारताने टनामागचा हिशेब निवडला.

सर्वात मोठा स्रोत कोणता?

२०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या उत्सर्जनात ऊर्जा क्षेत्राचा वाटा सुमारे ७६ टक्के, तर शेतीचा सुमारे १४ टक्के आहे. एकट्या वीजनिर्मितीचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जातो. तरीही कोळशाच्या वीजकेंद्रांना या बाजारात उद्दिष्ट नाही. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्रही. नवा हिशेब सिमेंटला लागू होतो, वीजकेंद्राला नाही.

मग उपयोग काय?

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बन शुल्क लागू झालंय. मूळ देशात मोजलेली कार्बनची किंमत त्यातून वजा होऊ शकते. म्हणजे इथे मोजलेला पैसा देशातच राहील.

पण त्यासाठी प्रमाणपत्राला भाव हवा. युरोपात सुरुवातीला परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेले आणि २००७ मध्ये त्यांचा भाव जवळपास शून्यावर आला. भारतातही उद्दिष्टं सैल ठेवली, तर प्रमाणपत्रांचा ढीग लागेल, पण धूर कमी होणार नाही.