आशा हवी, आश्वासन नको

हिंगोली, वसमतकडच्या शेतकरी कुटुंबात कर्करोग शेवटच्या टप्प्यावर असल्याचे कळले, की पहिली धाव मुंबईतील परळच्या टाटा रुग्णालयाकडे असते. रुळलेले उपचार निष्फळ ठरले, की ‘नव्या औषधाची चाचणी’ हे शब्द कानी पडतात आणि बुडत्याला काडीचा आधार वाटावा, तसे घर त्याकडे पाहू लागते. नेमक्या याच क्षणी सत्य सांगण्याची गरज असते.

लक्ष्यवेधी औषध कर्करोगाच्या पेशीतील विशिष्ट दोषावर प्रहार करते. मात्र पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य प्रश्न ‘रोग बरा होईल का’ हा नसून ‘किती मात्रा शरीराला सोसवेल’ हा असतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या इमॅटिनिबच्या चाचणीत पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांचे रक्त पूर्वपदावर आले. पण ते रुग्ण रक्तकर्करोगाच्या संथ अवस्थेतील होते. असे यश अपवादात्मकच.

स्वदेशी उदाहरणही बोलके आहे. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेल्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोग ओळखण्यास शिकवले जाते. पहिल्या टप्प्यात १४ व दुसऱ्या टप्प्यात ५० रुग्ण सहभागी झाले. मूल्यमापन झालेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. उपचाराशी संबंधित मृत्यूही घडले. २०२३ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. या यशाच्या पायाशी रुग्णांचे धैर्य आहे, हे विसरता कामा नये.

म्हणूनच रुग्णाचा सन्मान हा उपकार नव्हे, हक्क आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. चाचणीतून केव्हाही माघार घेता येते. प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आवश्यक असते. चाचणीच्या औषधासाठी जमीन विकायला लावणाऱ्यापासून सावधच राहावे.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चाचणीतील रुग्णांच्या नियमित रक्ततपासण्या तेथे झाल्या, तर मुंबईचे कितीतरी हेलपाटे वाचतील. संमतिपत्र केवळ मराठीत छापून भागणार नाही. ते घरच्या माणसांसमोर, घरच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजे. सुशिक्षित कार्यकर्त्याने गावातील रुग्णाशेजारी बसून ते वाचून दाखवले, तरी मोठी सेवा घडेल. समजून-उमजून दिलेला होकारच खरा होकार. अगतिकतेतून आलेली सही नव्हे.