माथ्यावरची खुजी झाडी पडीक नसते

सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील २३५ गावांमध्ये 'नवे महाबळेश्वर' उभारण्याचा सरकारचा विचार आहे. त्यासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. सुमारे १,१५३ चौरस किलोमीटरचा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये लोकांसमोर आला. रस्ते, हॉटेले आणि रोजगार यांवर बरीच चर्चा झाली. डोंगरमाथ्यावरच्या छातीएवढ्या झाडीचा विषय मात्र मागे राहिला. ही झाडी 'जंगल' वाटत नाही, हेच त्याचे मुख्य कारण.

महाबळेश्वरच्या कड्यांवर अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची सदाहरित झाडी आहे. अंजनीची पाने जाड, चकचकीत असतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात. खालच्या दरीत अंजनीचा चांगला वृक्ष होतो, पण उघड्या माथ्यावर ती वाकडीतिकडी आणि बुटकी राहते. वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. नंतर सात-आठ महिने कोरडे जातात. जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ, त्यात वाऱ्याचा मारा. अशा जागी उंच वाढणे झाडाला परवडत नाही.

ध्रुवीय प्रदेशातल्या आणि हिमरेषेजवळच्या सदाहरित झुडपांनीही हाच मार्ग धरला आहे. डायपेन्सिया हे झुडूप जमिनीला चिकटून उशीसारखे पसरते. वारा त्याच्यावरून निघून जातो आणि उन्हात उशीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा अधिक ऊब राहते. दरवर्षी नवी पाने करायला लागणारे अन्न मातीत नसते, म्हणून जुनी पाने अनेक वर्षे जपली जातात. कॅसिओपी या झुडपाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर असते. त्याच्या खोडावरच्या खुणा मोजून शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यांचा अंदाज बांधला आहे. तिथे शत्रू थंडी आहे, इथे कोरडे महिने. पण खुजेपणा, टिकाऊ पान आणि संथ वाढ हा तोडगा दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे उंची पाहून झाडाचे वय ठरवता येत नाही.

अडचण इथेच येते. उघडे कातळ आणि सडे आपल्याकडे पोटखराबा किंवा खडकाळ पडीक म्हणून नोंदले जातात. कागदावर जे निरुपयोगी, त्यावर बांधकाम करण्यात कुणाला काही गैर वाटत नाही. अंजनी सरपणासाठी तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. जेसीबीने माती खरवडली तर मात्र फुटायला बुंधाच उरत नाही, आणि तो वीतभर थर पुन्हा साठायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

हा प्रश्न केवळ फुलांच्या हौशीचा नाही. महाबळेश्वरचा जांभूळ मध याच झाडीतून येतो. तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. कृष्णा, कोयना आणि वेण्णा याच माथ्यांवर उगम पावतात आणि सांगलीपर्यंत कृष्णाकाठ त्यांच्यावर जगतो. माथ्यावरची माती सुटली, तर गाळ होऊन ती खालीच येणार. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचे सडे आहेत. तिथे राष्ट्रीय उद्यानाचे आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे संरक्षण आहे. कास पठार, कोयना आणि चांदोली २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. त्या हद्दीबाहेरच्या सड्यांना असे कवच नाही.

डोंगरी गावांना रोजगार हवा आहे. मुंबई-पुण्याकडे जाणारी एसटी हाच तिथल्या तरुणांपुढचा एकमेव पर्याय असू नये. पण आराखडा अंतिम होण्याआधी प्रत्येक सड्यावरची झाडी आणि मातीची खोली मोजून नकाशावर आणणे अवघड नाही. बांधकाम आधीच मोकळ्या झालेल्या, गावठाणालगतच्या जमिनीवर नेता येते. पर्यटक ज्या हिरव्या माथ्यासाठी येणार, तोच खरवडून त्यांची सोय केली, तर गावाच्या हाती ना माथा राहील, ना पर्यटक.