तज्ज्ञाची स्वाक्षरी, यंत्राचे मत

भिलाई (छत्तीसगढ) : येथील स्मृति नगरातील एखाद्या सेवानिवृत्त पोलाद कामगाराची ऑनलाइन फसवणूक झाली, तर दुर्गच्या न्यायालयात मोबाइलमधील नोंदींचे भवितव्य बहुतांशी तज्ज्ञाच्या स्वाक्षरीवर ठरेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबतच्या प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. कलम ३९ त्याच्या मताला पुराव्यात स्थान देते. मात्र ते मत बनविताना कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असल्यास ती उघड करावी, असे बंधन दोन्ही कलमांत नाही.

हा पेच काल्पनिक नाही. न्यूयॉर्क राज्यातील एका न्यासाच्या वादात ऑक्टोबर २०२४ मध्ये नुकसानीचा हिशेब मांडणाऱ्या तज्ज्ञाने ‘कोपायलट’ वापरल्याचे सांगितले. त्याला नेमका कोणता प्रश्न विचारला, हे मात्र त्यास आठवेना. न्यायालयाने तोच हिशेब तीन संगणकांवर करून पाहिला, तेव्हा तीन निरनिराळे आकडे आले. मिनेसोटातील प्रकरण तर उपरोधिकच. डीपफेकच्या धोक्यांविषयी मत देणाऱ्या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाच्या शपथपत्रात अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे संदर्भ निघाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते शपथपत्र विचारातून वगळण्यात आले.

आपल्याकडे तज्ज्ञ साक्षीदाराचे असे ठळक प्रकरण अद्याप गाजलेले नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे २७.९१ कोटी रुपयांची प्राप्तिकर आकारणी रद्द केली, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राची उत्तरे पडताळून न पाहता वापरू नयेत, असे न्यायालयाने बजावले.

वास्तविक कसोटी जुनीच आहे. तज्ज्ञाने केवळ निष्कर्ष न देता तो तपासता येईल असे शास्त्रीय निकष न्यायालयापुढे ठेवले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रमेशचंद्र अगरवाल प्रकरणात स्पष्ट केले होते. ज्याला आपला प्रश्नच आठवत नाही, तो निकष कोठून देणार?

सरसकट बंदी व्यवहार्य नाही. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळभेट नव्या संहितेने आवश्यक केल्याने प्रयोगशाळांवरील भार वाढणारच, आणि सोय मोहात पाडणारच. तेव्हा वापरलेले साधन, त्याची आवृत्ती, विचारलेले प्रश्न व मिळालेली उत्तरे अहवालास जोडण्याची सक्ती उच्च न्यायालये आपल्या नियमांद्वारे करू शकतात. अन्यथा आरोपीच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची ती कोणाची?